वाचकांचे प्रश्न : ॲमस्टरडॅम ते रोम किती दूर, किती वेळ?

युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात जाण्याची तयारी पुण्यातील अनेक घरांत सुरू झाली आहे. त्यामुळे या महिन्याच्या टपालात तेथील शहरांमधील अंतरे आणि विमानाच्या वेळा यांविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण इतर पत्रांमधल्या बहुतेक शंकांचे मूळ त्याच पत्रात आहे.

प्रश्न : आमची मुलगी ॲमस्टरडॅमला नोकरी करते. मे महिन्यात मी आणि माझी पत्नी तिच्याकडे जाणार असून तेथून चार दिवस रोमला जाण्याचा बेत आहे. मी निवृत्त अभियंता आहे आणि प्रवासाचा तक्ता स्वतः तयार करतो. या दोन शहरांतील अंतर एके ठिकाणी १,२९५ किलोमीटर, तर दुसरीकडे सुमारे १,६५० किलोमीटर दिले आहे. विमानप्रवासाचा वेळ एके ठिकाणी १ तास ३५ मिनिटे आहे आणि तिकिटावर २ तास १५ मिनिटे आहे. यांतील खरा आकडा कोणता, आणि तक्त्यात कोणता लिहावा?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण दिलेले चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, आणि ती गोष्ट कोणती हे त्या आकड्याशेजारी लिहिलेले नसते, म्हणून घोटाळा होतो.

हे समजण्यासाठी आपल्या रोजच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. पुणे आणि मुंबई यांच्यात सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर अंतर आहे, रस्त्याने गेल्यास ते सुमारे १५० किलोमीटर भरते, आणि पुणे स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर आहे, कारण रूळ बोरघाट उतरून कर्जत आणि कल्याण यांचा वळसा घेतात. पुणे ते मुंबई किती दूर, असे कोणी विचारले तर आपण गाडीने जाणाऱ्याला एक उत्तर देतो आणि रेल्वेने जाणाऱ्याला दुसरे. ॲमस्टरडॅम आणि रोम यांच्या बाबतीतही तसेच आहे; फरक इतकाच की सह्याद्रीच्या जागी तेथे आल्प्स आहे.

१,२९५ हे सरळ अंतर आहे, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून या दोन शहरांना जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाची लांबी. आपण अभियंता असल्याने हा आकडा स्वतः पडताळून पाहावा असे सुचवावेसे वाटते. ॲमस्टरडॅमचा अक्षांश सुमारे ५२.३७ अंश उत्तर आणि रेखांश ४.९० अंश पूर्व आहे. रोमचा अक्षांश ४१.९० अंश उत्तर आणि रेखांश १२.५० अंश पूर्व आहे. अक्षांशांतील फरक १०.४७ अंशांचा आहे, आणि एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,१६२ किलोमीटर होते. रेखांशांतील फरक ७.६ अंशांचा आहे. परंतु ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ येत असल्यामुळे ४७ अंश अक्षांशाच्या आसपास एक अंश रेखांश जेमतेम ७५.६ किलोमीटरचा उरतो, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५७५ किलोमीटर होते. आता काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की कर्ण सुमारे १,२९६ किलोमीटर येतो. शाळेतल्या गणिताने इतके जवळचे उत्तर मिळते हे पाहून मला प्रत्येक वेळी समाधान वाटते.

सुमारे १,६५० हा रस्त्याचा आकडा आहे. कोलोनमार्गे ऱ्हाइनच्या खोऱ्यातून बाझेल, तेथून स्वित्झर्लंड ओलांडून गोटहार्डचा बोगदा, मग मिलान आणि फ्लोरेन्स असा तो मार्ग आहे. वाट थोडी बदलली की त्यात पन्नासएक किलोमीटर कमी-जास्त होतात. गोटहार्डचा रस्त्याचा बोगदा १९८० मध्ये खुला झाला आणि तो सुमारे १६.९ किलोमीटर लांब आहे. त्याच पर्वताखालून २०१६ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा बोगदा ५७ किलोमीटरचा असून तो जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे. इतकी सोय असूनही ॲमस्टरडॅमहून रोमला रेल्वेने जायचे तर गाड्या बदलण्याचा वेळ धरून पंधरा तासांच्या आसपास लागतात, म्हणून चार दिवसांच्या सहलीसाठी विमानाचा आपला निर्णय योग्य आहे.

आता वेळेकडे वळू. १ तास ३५ मिनिटे हा आकडा कोणत्याही विमानाच्या प्रवासातून आलेला नाही, तो भागाकारातून आलेला आहे. युरोपातील लहान पल्ल्याची जेट विमाने, उदाहरणार्थ एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७, पुरेशा उंचीवर पोहोचल्यानंतर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. १,२९५ ला ८३० ने भागले की साधारण १ तास ३४ मिनिटे येतात. अंतर देणारी अनेक कोष्टके हाच भागाकार करून त्याला विमानाचा वेळ म्हणतात, आणि काही कोष्टके त्यात सरसकट अर्धा तास मिळवतात.

परंतु विमान पहिल्या मिनिटापासून ताशी ८३० किलोमीटर वेगाने जात नाही. दहा हजार फुटांच्या खाली वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर असते. पस्तीस हजार फुटांच्या आसपास चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि उतरण्याची सुरुवात मुक्कामाच्या बऱ्याच आधी, अर्ध्या तासाच्या अंतरावरून करावी लागते. शिवाय विमान धावपट्टी सोडल्याबरोबर रोमच्या दिशेने वळते असेही नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करायचे असल्यामुळे ते कित्येकदा आधी उलट दिशेला जाते, मग ठरवून दिलेल्या वाटेने वळण घेते, आणि त्यानंतर एका ठरलेल्या बिंदूवरून दुसऱ्या ठरलेल्या बिंदूकडे अशा हवाई मार्गाने पुढे सरकते. नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांच्यावरील साडेचोवीस हजार फुटांपुढच्या आकाशातील वाहतूक मास्ट्रिख्ट येथील एकाच केंद्रातून नियंत्रित होते. त्यापुढे स्विस आणि इटालियन नियंत्रक विमानाची सूत्रे हाती घेतात. या सगळ्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर सरळ अंतरापेक्षा काही टक्क्यांनी जास्तच भरते, आणि विमान हवेत साधारण पावणेदोन ते दोन तास असते.

मग तिकिटावर २ तास १५ मिनिटे का? विमान वाहतुकीच्या भाषेत उड्डाणाचा काळ म्हणजे विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा जागचे हलल्यापासून प्रवास संपवून पुन्हा स्थिर उभे राहीपर्यंतचा काळ. दोन्ही विमानतळांवरील जमिनीवरची वाटचाल त्यात धरलेली असते, आणि ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर ही वाटचाल फार लांब होऊ शकते. तेथे सहा धावपट्ट्या आहेत. त्यांतील पोल्डरबान नावाची ३,८०० मीटर लांबीची धावपट्टी २००३ मध्ये, वस्तीला विमानांच्या आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून, मुख्य इमारतीपासून इतक्या दूर बांधली की तिच्यासाठी वेगळा नियंत्रण मनोरा उभारावा लागला. आपले विमान तेथून सुटणार असेल, तर खिडकीशी बसलेल्या आपल्या पत्नीला पंधरा-वीस मिनिटे केवळ हिरवी शेते आणि कालवे दिसत राहतील. विमानाला काही बिघाड झाला असेल अशी शंका तेव्हा मनात आणू नये. ही सपाट जमीनही पाहण्यासारखी आहे, कारण १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी उपसून कोरड्या केलेल्या एका मोठ्या सरोवराचा तो तळ आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे तीन मीटर खाली वसलेला आहे.

यांखेरीज विमान कंपन्या वेळापत्रकात थोडा राखीव वेळही धरतात, कारण गर्दीच्या वेळी उतरण्याची पाळी येण्यास उशीर होतो. म्हणून तिकिटावरचा वेळ हाच विमानाचा खरा वेळ मानावा. आपल्याला अंदाज हवा असेल तर पुणे ते दिल्ली डोळ्यांसमोर आणावे. पुणे आणि दिल्ली यांच्यातील सरळ अंतर सुमारे १,१७० किलोमीटर आहे, म्हणजे ॲमस्टरडॅम ते रोम त्याहून सव्वाशे किलोमीटर जास्त, आणि दोन्हीकडे तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासचाच वेळ असतो.

तक्त्यात मात्र याहून मोठा आकडा लिहावा. मुलीच्या घरापासून ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत वीस मिनिटे धरा, तेथून स्किपोलपर्यंत रेल्वेने गाडीची वाट पाहण्यासह वीस मिनिटे, विमानतळावर दोन तास, तिकिटावरचे सव्वादोन तास, रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरून सामान घेईपर्यंत चाळीस मिनिटे, आणि तेथून शहरातील तेर्मिनी स्थानकापर्यंत लिओनार्दो एक्स्प्रेस गाडीने ३२ मिनिटे, अधिक तिची थोडी प्रतीक्षा. ही बेरीज सुमारे साडेसहा तास होते. नेदरलँड्स आणि इटली हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे या प्रवासात पासपोर्टची नेहमीची सीमातपासणी नसते, म्हणून एवढ्यावर भागते; पासपोर्ट मात्र जवळ ठेवावाच लागतो. दुसरी एक खबरदारी घ्यावी. रोमला चाम्पिनो नावाचा दुसरा, शहराला अधिक जवळचा विमानतळ आहे, आणि तिकिटावर केवळ रोम असे वाचून चुकीच्या विमानतळाची गाडी ठरवून ठेवल्याने माझ्या एका स्नेह्यांचा पहिला दिवस वाया गेला होता. तिकिटावरील तीन अक्षरी संकेत तपासून पाहावा, म्हणजे ही चूक होणार नाही.

प्रश्न : माझ्या तिकिटावर लंडनहून निघण्याची वेळ १२.१० आणि अथेन्सला पोहोचण्याची वेळ १७.५५ आहे. परत येताना अथेन्सहून १८.५० ला निघून लंडनला २०.५० ला पोहोचायचे आहे. जाताना पावणेसहा तास आणि येताना केवळ दोन तास, हे कसे शक्य आहे? परतीचे विमान वेगळ्या प्रकारचे असते का?
एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : विमान बहुधा त्याच प्रकारचे असेल. तिकिटावरील प्रत्येक वेळ ही त्या त्या शहरातील घड्याळाची असते, आणि अथेन्सचे घड्याळ लंडनच्या घड्याळापेक्षा दोन तास पुढे असते. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्याने पुण्याहून गुवाहाटीला गेलो तरी आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या सहज लक्षात येत नाही. जातानाच्या पावणेसहा तासांतून दोन तास वजा करावेत, म्हणजे ३ तास ४५ मिनिटे उरतात. येतानाच्या दोन तासांत दोन तास मिळवावेत, म्हणजे ४ तास होतात.

आता आपल्या लक्षात येईल की घड्याळाचा हिशेब पुरा केल्यावरही पंधरा मिनिटांचा फरक शिल्लक राहतो. हा फरक खरा आहे आणि तो वाऱ्यामुळे पडतो. युरोपच्या अक्षांशांवर विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि त्यांतील वेगवान पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. उत्तरेकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील उबदार हवा यांच्या तापमानातील फरकातून तो निर्माण होतो, म्हणून हा फरक ज्या ऋतूत सर्वाधिक असतो त्या हिवाळ्यात तो अधिक जोरात असतो. लंडन ते अथेन्स सरळ अंतर सुमारे २,४०० किलोमीटर आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी ८३० किलोमीटर आणि पाठीशी ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या संदर्भात विमान ताशी ८९० किलोमीटर वेगाने जाते आणि हे अंतर २ तास ४२ मिनिटांत कापते. तोच वारा समोरून असेल तर वेग ७७० वर येतो आणि ३ तास ७ मिनिटे लागतात. वारा रोज इतकाच नसतो आणि नेमक्या मार्गाच्या दिशेनेही नसतो, म्हणून वेळापत्रकात त्याची सरासरी धरलेली असते.

घड्याळाच्या फरकाचे सर्वांत ठळक उदाहरण माद्रिद आणि लिस्बन यांचे आहे. ही शहरे एकमेकांपासून जेमतेम ५०० किलोमीटरवर आहेत आणि विमानाला सव्वा तासाच्या आसपास लागतो. परंतु लिस्बनचे घड्याळ एक तास मागे असल्यामुळे सकाळी १० वाजता माद्रिदहून निघालेले विमान कागदावर सव्वादहाच्या सुमारास लिस्बनला पोहोचते. माद्रिद हे लंडनच्याही पश्चिमेला आहे, तरी त्याचे घड्याळ लंडनच्या पुढे आहे, कारण स्पेनने १९४० मध्ये आपली वेळ एक तास पुढे नेली आणि पुन्हा मागे आणली नाही. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ या काळात मध्य युरोपची वेळ स्वीकारून पाहिली होती आणि नंतर सोडून दिली.

आपल्या आईवडिलांना दूरध्वनी करताना एवढे लक्षात ठेवावे की हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि अथेन्स साडेतीन तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास पुढे जातात, ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तशीच राहतात, आणि तेवढ्या काळात हे फरक एकेका तासाने कमी होतात. ब्रिटन आणि ग्रीस एकाच क्षणी घड्याळे बदलत असल्यामुळे त्या दोघांतील दोन तासांचा फरक मात्र वर्षभर कायम असतो. विमान कंपन्यांचे उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकही याच दोन रविवारांना बदलते, म्हणून मार्च किंवा ऑक्टोबरच्या अखेरचे तिकीट काढले असेल तर प्रवासाच्या आठवडाभर आधी वेळा पुन्हा तपासाव्यात.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. माद्रिदहून इस्तंबूलला जाताना समोरच्या पडद्यावरील नकाशात विमानाची वाट सरळ न दिसता उत्तरेकडे फुगलेली दिसली. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मग विमान थेट पूर्वेला का जात नाही?
एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : कारण अक्षवृत्तावरून जाणारी वाट ही सर्वांत लहान वाट नसते. पृथ्वीवरील दोन स्थळांना जोडणारा सर्वांत लहान मार्ग हा बृहत्‌वृत्ताचा भाग असतो, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळाचा. अक्षवृत्तांपैकी केवळ विषुववृत्त हे बृहत्‌वृत्त आहे. उरलेल्या अक्षवृत्तांवरून चालणारा उत्तर गोलार्धात जवळच्या वाटेच्या दक्षिणेकडून, थोडा वळसा घेऊन जातो. पडद्यावरचा नकाशा बहुधा जेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणावर किंवा त्यासारख्या एखाद्या प्रक्षेपणावर आधारलेला असतो, आणि त्यात अक्षवृत्ते सरळ आडव्या रेषा होतात, म्हणून खरी सरळ वाट वाकडी दिसते. वर्गात पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला तर मुलांना हे लगेच पटते, असा माझा अनुभव आहे.

माद्रिद ते इस्तंबूल या मार्गाचा मध्यबिंदू दोन्ही शहरांच्या अक्षांशांच्या सरासरीपेक्षा एका अंशाहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर उत्तरेला येतो. तरीही त्यामुळे होणारी बचत फार मोठी नाही. बृहत्‌वृत्ताने अंतर सुमारे २,७४० किलोमीटर भरते आणि अक्षवृत्ताने सुमारे २,७५५. युरोपातील दोन शहरांच्या बाबतीत हा फरक असाच लहान राहतो. आपल्याला जो फुगवटा दिसला त्यातला काही भाग त्या दिवसाच्या वाऱ्यामुळे किंवा नेमून दिलेल्या हवाई मार्गामुळेही असू शकेल.

प्रश्न : गेल्या वर्षी बार्सिलोनाहून फ्रँकफर्टला विमान बदलून आम्ही व्हिएन्नाला गेलो. पहिले विमान तांत्रिक कारणाने उशिरा सुटल्याने पुढचे चुकले आणि आम्ही चार तास उशिरा पोहोचलो. दोन्ही टप्प्यांची बेरीज सुमारे १,६९० किलोमीटर होते, म्हणून आम्ही १,५०० किलोमीटरपुढील भरपाई मागितली. परंतु कंपनीने अंतर १,३५० किलोमीटर धरून माणशी २५० युरोच दिले. ही फसवणूक नाही का?
एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : आपल्याला झालेला त्रास खरा आहे, आणि भरपाई मिळाल्यानंतरही हिशेब तपासून पाहण्याची आपली सवय चांगली आहे, परंतु या मुद्द्यावर कंपनीचे म्हणणे बरोबर आहे.

युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे भरपाईची रक्कम तिकिटाच्या किमतीवर नव्हे, तर अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, संघाच्या अंतर्गत त्याहून अधिक अंतरासाठी ४०० युरो, आणि संघाबाहेर जाणाऱ्या ३,५०० किलोमीटरपुढील प्रवासासाठी ६०० युरो अशी तिची रचना आहे. अंतर बृहत्‌वृत्ताने मोजावे, असे त्या नियमातच लिहिले आहे. मधे विमान बदलले असेल तर काय करावे, हा प्रश्न रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या प्रवाशांच्या प्रकरणात लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला. त्या दोन टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होती, तर रोम ते हॅम्बुर्ग थेट अंतर १,३२६ किलोमीटर होते. न्यायालयाने २०१७ मध्ये थेट अंतरच धरावे असा निर्णय दिला, कारण उशिरामुळे होणारी गैरसोय ही अंतिम मुक्कामी पोहोचण्याशी निगडित असते आणि मधल्या वळशामुळे ती वाढत नाही. आपले प्रकरण त्याच्याशी तंतोतंत जुळते. मलाही हा निर्णय न्याय्य वाटतो, कारण थेट विमानाने तितक्याच उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाला आपल्यापेक्षा कमी रक्कम मिळण्याचे काही कारण नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र हेच न्यायालय प्रवाशांच्या बाजूने उभे राहिले आहे, आणि ते आपल्यासारख्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. तीन तास किंवा अधिक उशीर झाला तरच ही भरपाई मिळते, हे २००९ च्या निर्णयाने ठरले. पुढे साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाची चाके २ तास ५८ मिनिटे उशिराने जमिनीला टेकली, आणि ते आपल्या जागी येऊन उभे राहिले तेव्हा उशीर ३ तास ३ मिनिटांचा झाला होता. पोहोचण्याची वेळ कोणती मानायची, यावर सगळे प्रकरण अवलंबून होते. २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळते तो क्षण म्हणजे पोहोचण्याची वेळ, कारण तोवर प्रवासी बंद जागेत अडकलेले असतात आणि आपला वेळ आपल्या इच्छेप्रमाणे वापरू शकत नाहीत. म्हणून उशीर तीन तासांच्या आसपास असेल तर दार उघडले ती वेळ तेथल्या तेथे लिहून ठेवावी. संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला हा नियम लागू असून त्यासाठी प्रवाशाचे राष्ट्रीयत्व पाहिले जात नाही. वादळासारख्या असाधारण कारणाने झालेल्या उशिराला मात्र भरपाई मिळत नाही.

प्रश्न : लंडन ते पॅरिस विमानाने जावे की रेल्वेने? विमानाला १ तास २० मिनिटे लागतात आणि रेल्वेला २ तास १७ मिनिटे.
एक वाचक, सहकारनगर

उत्तर : रेल्वेने जावे. सरळ अंतर केवळ ३४४ किलोमीटर आहे आणि रूळमार्ग ४९२ किलोमीटरचा आहे, तरीही विमानाचा दिसणारा एक तासाचा फायदा हीथ्रोला पोहोचण्यात आणि पॅरिसच्या विमानतळावरून शहरात येण्यात पूर्णपणे खर्च होतो. रेल्वे मात्र लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून थेट पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावर, म्हणजे शहरातून शहरात नेते. वाटेत १९९४ मध्ये खुला झालेला ५० किलोमीटरचा खाडीखालचा बोगदा लागतो. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नसल्यामुळे रेल्वेसाठीही पासपोर्टची तपासणी असते आणि ती गाडीत बसण्याआधी होते, म्हणून स्थानकावर सव्वा ते दीड तास आधी पोहोचावे. दोन्ही ठिकाणांसाठी वेगवेगळे व्हिसा लागतात, आणि पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसहूनच मुंबईला परतणार असाल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहून घ्यावे. लंडनचे घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे असल्याने जाताना हा प्रवास तिकिटावर ३ तास १७ मिनिटांचा आणि येताना १ तास १७ मिनिटांचा दिसेल. वरच्या पत्रातील विद्यार्थिनीप्रमाणे आपणही एक तास वजा करून आणि मिळवून पाहावा.